वाचकांचे प्रश्न : “मला माहीत आहे ती गोष्ट”

मुलांना कर्तबगार स्त्रियांच्या खऱ्या गोष्टी सांगताना कोणत्या अडचणी येतात, हे गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत. उत्तरे लिहिणारी मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेली शिक्षिका आहे. त्यामुळे यात अभ्यासकाच्या मतांपेक्षा वर्गातल्या अनुभवाचा भाग अधिक आहे, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. रात्री झोपताना मी तिला सावित्रीबाईंची गोष्ट सांगायला घेतली की ती “मला माहीत आहे ती गोष्ट” असे म्हणून कूस बदलते. शाळेत तिने सावित्रीबाईंवर भाषणही केले आहे. इतकी मोठी गोष्ट तिला कंटाळवाणी का वाटावी?
— एक आई, सांगली

तिने केलेले भाषण मला ऐकल्यासारखेच वाटते आहे. ३ जानेवारीला फोटोला हार घातला जातो, उदबत्ती लावली जाते आणि “अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग” पासून “एवढे बोलून मी माझे भाषण संपवते” पर्यंत सगळे एका दमात म्हणून मुले जागेवर जाऊन बसतात. त्या भाषणात १८३१ साली नायगावला झालेला जन्म असतो, १८४८ सालची भिडे वाड्यातली शाळा असते, अंगावर फेकलेले शेणही असते. फक्त त्यात सावित्रीबाई कुठे चालताना, दमताना किंवा काही ठरवताना दिसत नाहीत. मुलीला कंटाळा आला आहे तो त्या निबंधाचा. खरी गोष्ट अजून तिने ऐकलेलीच नाही, असे मी समजेन.

माझी सूचना अशी, की पूर्ण चरित्र सांगण्याचा मोह सोडावा आणि एका रात्री एकच प्रसंग घ्यावा, शक्यतो भाषणात न येणारा. उदाहरणार्थ, १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला होता. तेव्हा सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या आणि जोतिराव जाऊन सहा वर्षे उलटली होती. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झालेला होता व त्याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावापासून दूर, रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा आजारी आहे असे कळल्यावर सावित्रीबाई तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचल्या. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

हा प्रसंग मी पाचवीच्या वर्गात सांगितला, तेव्हा एका मुलाने पहिला प्रश्न विचारला तो “मुंढवा ते हडपसर किती लांब आहे?” हा. मला तो प्रश्न फार आवडला. काही किलोमीटर, असे मी सांगितले आणि त्यालाच त्याच्या बाकावरच्या मित्राला पाठुंगळीला घेऊन मैदानाला एक फेरी मारायला लावली. अर्ध्या फेरीत त्याने मित्राला खाली उतरवले आणि परत आल्यावर “आणि त्या म्हाताऱ्या होत्या?” एवढेच विचारले. त्या दिवशी मी पुढे काहीही बोलले नाही. आपल्या घरी धाकटे भावंड असेल तर अंगणात हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

आणखी एक. आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या बाईपेक्षा शाळकरी मुलगी जवळची वाटते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नसेल, तर आमचा धर्म तरी कोणता, असा रोखठोक प्रश्न तिने त्यात केला आहे. सावित्रीबाईंच्या शाळेतून काय निघाले, हे मुलीला सांगायचे असेल तर मुक्ताच्या त्या प्रश्नापासून सुरुवात करावी. तिलाही शाळेत निबंध लिहावे लागतातच. पण असाही निबंध असू शकतो, हे तिला बहुधा कोणी सांगितलेले नसेल.

प्रश्न : मुलगी बारा आणि मुलगा दहा वर्षांचा आहे. त्यांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगताना बालविवाह, पतीकडून झालेली मारहाण आणि अकाली मृत्यू हे सारे गाळावे की सांगावे, हे मला ठरवता येत नाही. मी सौम्य करून सांगितले, तर मुलाने विचारले, “आजारी पडून ती मेलीच, मग डॉक्टर होऊन उपयोग काय झाला?” मी निरुत्तर झालो.
— एक वडील, नाशिक

निरुत्तर झालात यात काही बिघडले नाही. “तिचे नाव अमर झाले” असे काही तरी घाईने बोलून गेला असतात, तर मुलाने पुढचा प्रश्न विचारला नसता.

आधी गाळण्याविषयी. आनंदीबाईंच्या आयुष्यातली दुःखे गाळली तर त्यांनी घेतलेल्या निर्णयाचे कारणच गाळले जाते. कल्याणच्या या मुलीचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि ते दहाच दिवस जगले. बाईला बाईकडूनच औषधोपचार मिळाले पाहिजेत, ही तिची ओढ तेथून सुरू होते. हे दहा वर्षांच्या मुलाला कळते. आपल्या समजुतीपेक्षा मुलांना मृत्यूविषयी बरेच कळत असते. बाळंतपणाचे बारकावे त्याला सांगण्याची गरज नाही, पण ते बाळ गेले हे सांगावेच लागेल.

गोपाळरावांचे प्रकरण जरा अवघड आहे. टपाल खात्यात कारकून असलेल्या या गृहस्थाने बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतला, त्यासाठी बदल्या मागितल्या, लोकांची टवाळी सोसली. आणि याच गृहस्थाने तिला अभ्यासासाठी मारलेही. त्यांना देव करून सांगणारे आहेत, तसे हल्ली खलनायक करून सांगणारेही आहेत. मुलांना मात्र मी आनंदीबाईंचेच म्हणणे सांगते. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी म्हटले आहे, की तुमचे वागणे चांगले होते की वाईट हे ठरवणे कठीण आहे. जे साधायचे होते त्याकडे पाहिले तर ते योग्य वाटते, पण लहान मुलीच्या मनावर होणारा परिणाम पाहिला तर चुकीचे वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या एका तरुण स्त्रीने नवऱ्याला इतक्या सरळपणे हे लिहिले, यात मुलीला विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. बारा वर्षांच्या मुलीला हे सांगाच. आणि कोणी शिकवण्याच्या नावाखाली मारत असेल तर त्याला मारणेच म्हणायचे, हे दोन्ही मुलांना वेगळे सांगून ठेवा.

गोष्टीत हसण्याजोग्या जागाही आहेत, त्या सोडू नका. गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दात दाखवायला गेल्या असताना दंतवैद्याच्या दवाखान्यात त्यांच्या हाती तो अंक पडला आणि त्यांनी कल्याणच्या या अनोळखी मुलीला पत्र लिहायचे ठरवले. आनंदीबाई अमेरिकेत त्यांच्याकडेच उतरल्या आणि त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. एखाद्याचा दात दुखावा आणि एखादी मुलगी डॉक्टर व्हावी, हे मुलांना विलक्षण आवडते.

१८८५ सालचे एक छायाचित्रही मुलांना जरूर दाखवा. फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी त्यात शेजारी शेजारी आहेत : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियातून आलेल्या सबात इस्लामबूली. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे. चेहऱ्यावर कोणाच्याही हसू नाही. माझ्या वर्गातल्या मुली या छायाचित्रासमोर बराच वेळ उभ्या राहत आणि “त्या एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलत असतील?” असे विचारत.

आता आपल्या मुलाचा प्रश्न. आनंदीबाईंना मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागात त्यांची नेमणूकही झाली होती, पण मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. रुग्णांना उपयोग झाला का, असे मुलाने विचारले तर “नाही, त्यांना ती संधी मिळाली नाही” हेच खरे उत्तर आहे, आणि ते द्यावे. दहा वर्षांच्या मुलाला खोटे सांत्वन लगेच ओळखू येते.

मात्र त्यानंतर लगेच दुसरी गोष्ट सांगायला घ्यावी. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. त्याच्या जेमतेम चार महिने आधी, २२ नोव्हेंबर १८६४ रोजी, मुंबईत रखमाबाईंचा जन्म झाला होता. त्यांचेही लग्न अकराव्या वर्षी लावून दिले गेले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ साली कोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण त्यावर अपील झाले. पुण्यात आनंदीबाई गेल्या त्यानंतर काही दिवसांतच, मार्च १८८७ मध्ये, मुंबईच्या कोर्टाने रखमाबाईंना हुकूम दिला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. आपण तुरुंगात जाऊ, असे त्यांनी सांगितले. पुढे १८८८ साली दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे मिळून जवळजवळ पस्तीस वर्षे त्यांनी स्त्रियांवर उपचार केले. १९५५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्या नव्वद वर्षांच्या होत्या.

एकाच हिवाळ्या-उन्हाळ्यात जन्मलेल्या, लोकलने तासाभराच्या अंतरावर वाढलेल्या या दोन मुली. एकीला नवऱ्याने शिकायला लावले, दुसरीने नवऱ्याला नकार दिला आणि मग शिकली. एक एकविसाव्या वर्षी गेली, दुसरी नव्वद वर्षे जगली. या दोन गोष्टी मी नेहमी लागोपाठच्या दोन रात्रींच्या म्हणून सांगते. “उपयोग काय झाला” या प्रश्नाचे उत्तर मुले दुसऱ्या रात्री आपापसांत भांडून काढतात, आणि दर वर्गाचे उत्तर निराळे असते.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, “या मुलींच्या गोष्टी आहेत, ताईला सांग.” काय करावे?
— एक आई, ठाणे

“आज मी तुला एका थोर स्त्रीची गोष्ट सांगते” अशी सुरुवात करू नये, एवढेच. गोष्ट ज्या विषयाची आहे त्या विषयाने सुरुवात करावी. त्याला विज्ञान आवडत असेल तर त्याला विचारा, की बटाटाही आपल्यासारखा श्वासोच्छ्वास करतो का? मग कमला भागवत यांच्याविषयी सांगा, ज्या पुढे कमला सोहोनी झाल्या. वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी हे द्रव्य असते, हे त्यांनी केंब्रिजला बटाट्यावर काम करताना दाखवून दिले आणि १९३९ साली अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर डॉक्टरेट मिळवली. त्याआधी १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या, तेव्हा वर्षभर परीक्षा पाहण्याच्या आणि त्यांच्यामुळे मुलांचे लक्ष विचलित होऊ नये अशा अटींवर प्रवेश मिळाला. नोबेल मिळालेला शास्त्रज्ञसुद्धा असा चुकू शकतो, हे नऊ वर्षांच्या मुलाला कळले तर रामन यांचे काही कमी होत नाही. आणि आपल्या मुलाची शंका मात्र आपोआप मिटते, कारण “त्यांचे लक्ष विचलित झाले तर ती त्यांची चूक ना?” असे तोच विचारतो. माझ्या वर्गात तरी मुलांनीच विचारले होते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझे विद्यार्थी शेतकरी आणि शेतमजुरांची मुले आहेत. विलायतेला गेलेल्या डॉक्टरबाईंच्या गोष्टी त्यांना फार दूरच्या वाटतात. जवळच्या गोष्टी कोणत्या सांगाव्यात?
— एक शिक्षक, बुलढाणा जिल्हा

आपली अडचण खरी आहे. पुस्तकांतल्या कर्तबगार स्त्रिया बहुतेक करून शिकलेल्या असतात, आणि ज्या मुलाची आई शाळेत गेलेली नाही त्याला त्यातून नकळत असे ऐकू येते की आपली आई या यादीत कधीच बसणार नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. नातू सारखा आजारी पडतो, याचा संबंध त्यांनी फवारणीच्या भाजीशी लावला आणि जुने गावरान बियाणे शोधून जपायला सुरुवात केली. वालाचेच कितीतरी प्रकार त्यांच्या बियाणे बँकेत आहेत. आज त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव होते. वर्गात मात्र पुरस्कार शेवटी सांगावा किंवा राहूही द्यावा. आधी मुलांना घरून एकेक मूठ बी आणायला सांगा आणि ते कशात ठेवले होते, त्यात राख घातली होती की कडुलिंबाचा पाला, ते कोणाकडून आले, त्याला घरात काय म्हणतात, हे आजीला विचारून यायला सांगा. उत्तरे फळ्यावर लिहीत गेलात तर अर्ध्या तासात फळा पुरणार नाही. राहीबाईंचे नाव त्यानंतर घ्यावे.

मैदानावर रमणाऱ्या मुलांसाठी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांची शर्यत सांगावी. दुष्काळी भागातल्या शेतकरी कुटुंबातली ही मुलगी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या असतात. मैदानावर विटा रचून आणि एक खड्डा पाण्याने भरून मुलांना ते करून दाखवता येते. त्या दहाव्या आल्या. “पदक नाही मिळाले?” असे मुले विचारतात, तेव्हा “नाही, दहाव्या आल्या” एवढेच सांगावे आणि पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय मुलगी ऑलिंपिकच्या ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोहोचली होती, हेही सांगावे. सगळ्या गोष्टी पहिल्या नंबराच्याच असतील तर वर्गातल्या चाळीसपैकी एकोणचाळीस मुलांना त्या आपल्या वाटत नाहीत.

प्रश्न : माझी नातवंडे न्यू जर्सीत आहेत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना गोष्ट सांगते. हिरकणीची गोष्ट सांगितली तर थोरल्याने विचारले, “आजी, हे खरेच झाले होते का?” मी “हो” म्हणाले, पण तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे.
— एक आजी, पुणे

पुढच्या रविवारी आपणहून विषय काढावा आणि सांगावे, की रायगडावर हिरकणीचा बुरूज आजही आहे, पण बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीची गोष्ट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितलेली आहे. ती आख्यायिका म्हणूनच सुंदर आहे आणि ती अजिबात सोडू नये. फक्त खरी गोष्ट आणि आख्यायिका या दोन निराळ्या डब्यांत ठेवाव्यात. “कशावरून?” हा प्रश्न विचारणारा नातू आजीच्या गोष्टीकडे खरोखर लक्ष देतो आहे, असे मी समजते. त्याला पत्र, छायाचित्र, कोर्टाचा निकाल, छापलेला निबंध असे काही दाखवता येईल अशा गोष्टी आलटून पालटून सांगाव्यात.

‘पहिली’ या शब्दाबाबतही सावध राहावे. आनंदीबाई ‘पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर’ असे आपण सहज म्हणतो, पण त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून डॉक्टर झाल्या होत्या. नातू इंटरनेटवर शोधून आपल्याला दुरुस्त करण्याआधी आपणच दोन्ही नावे सांगितलेली बरी.

आणि आपली नातवंडे न्यू जर्सीत आहेत, तर एक गोष्ट मला फार सांगावीशी वाटते. कार्पेंटरबाईंचे रोझेल गाव त्याच राज्यात आहे. आनंदीबाई गेल्यावर त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी याच कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. तेथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. न्यू जर्सीहून मोटारीने एका दिवसात जाऊन येता येते. मुलाला आणि सुनेला सांगून ठेवावे, की उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या शनिवारी नातवंडांना तेथे न्यावे, आणि तेथूनच आपल्याला व्हिडिओ कॉल लावावा. दगडावर ‘जोशी’ हे आडनाव इंग्रजीत आपल्या नेहमीच्या पद्धतीने लिहिलेले नाही. शेवटी दोनदा ‘ई’ आहे. ते नातवाला शोधायला सांगावे.